द्वैताच्या धड्यात हरवलेला संवेग

बारावीच्या भौतिकशास्त्रात ‘प्रारण आणि द्रव्य यांचे द्वैत स्वरूप’ हा धडा येतो तोवर वर्ष बरेच सरलेले असते. सराव परीक्षा तोंडावर असतात, मुले थकलेली असतात आणि आपणही. धडा लहान, सूत्रे मोजकी, गुण हमखास. त्यामुळे तो तीन-चार तासिकांत उरकला जातो. मीही बरीच वर्षे तो असाच उरकत आलो. कल्याणच्या आमच्या वर्गातील एका मुलीने त्या उरकण्याला खीळ घातली.

तिने फळ्यावरचेच आकडे घेतले होते. ५४ व्होल्टच्या विभवांतरातून गेलेला इलेक्ट्रॉन. त्याचा वेग सेकंदाला ४३.६ लाख मीटर. त्याची तरंगलांबी ०.१६७ नॅनोमीटर. ऊर्जेला प्लांकच्या स्थिरांकाने भागले की वारंवारता मिळते. ती आली सेकंदाला १३०.६ कोटी कोटी. आता तरंगाचा वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे तर तिला शाळेपासून पाठ. तिने गुणाकार केला. उत्तर आले सेकंदाला २१.८ लाख मीटर. बरोबर निम्मे!

“सर, इलेक्ट्रॉन पुढे जातो आणि त्याची लाट मागे राहते का?”

मी तिची आकडेमोड तपासली. तीत चूक नव्हती. मग ‘हे अभ्यासक्रमाबाहेरचे आहे’ असे म्हणून मी पुढच्या उदाहरणाकडे वळलो. हे उत्तर नव्हे, हे तिला कळले आणि मलाही. त्या संध्याकाळी मी हा धडा नव्याने वाचायला घेतला. पाठ्यपुस्तके वाचली, बाजारातली मार्गदर्शके चाळली, शिकवणी वर्गांच्या टिपणांच्या झेरॉक्सही पाहिल्या. हा धडा आपण कसा शिकवतो, त्यात कोठे चुकतो आणि त्यामुळे मुलांचे काय नुकसान होते, ते येथे मांडत आहे.

पुस्तकातून गेलेला प्रश्न

आपल्याकडील मुले राज्य मंडळाची असली तरी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांसाठी एनसीईआरटीचे पुस्तक बाळगतातच. २००७ मध्ये निघालेल्या या पुस्तकाचे मुख्य सल्लागार पुण्याचे भौतिकशास्त्रज्ञ प्रा. ए. डब्ल्यू. जोशी होते. त्यातील या धड्याची मांडणी एका बाबतीत फार चांगली आहे. आधी फोटॉनला संवेग असतो हे सांगून, मग द ब्रॉग्लीचे सूत्र येते. धड्याच्या शेवटी जादा स्वाध्याय होते. त्यातील एका प्रश्नाचा आशय असा : इलेक्ट्रॉनच्या तरंगलांबीला भौतिक अर्थ आहे, पण त्याच्या वारंवारतेला, आणि म्हणून वारंवारता व तरंगलांबी यांच्या गुणाकाराला, तसा अर्थ नाही, असे का? म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलीचाच प्रश्न! पुस्तकाच्या शेवटी त्याचे चार ओळींचे नेमके उत्तरही होते.

२०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करताना हे जादा स्वाध्याय वगळले गेले. त्याचबरोबर डेव्हिसन आणि जर्मर यांच्या प्रयोगाचा भागही गेला. महाराष्ट्र मंडळाच्या २०२० पासूनच्या पुस्तकात तो प्रयोग आहे, ही समाधानाची गोष्ट. पण भार कमी करताना काय जाते, हे पाहण्यासारखे आहे. सूत्र राहिले, सूत्रात आकडे घालण्याची उदाहरणे राहिली. सूत्र खरे कशावरून, हे सांगणारा प्रयोग आणि सूत्राचा अर्थ काय, हे विचारणारा प्रश्न, एवढे दोनच गेले.

अर्थात सगळा दोष पुस्तकाच्या माथी मारता येणार नाही. प्रश्न छापलेला होता तेव्हाही किती वर्गांत तो सोडवला गेला? मी तरी सोडवला नव्हता.

‘संवेग’ या शब्दातला वेग

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची एक जादा अडचण आहे आणि ती भाषेची आहे. नववीत ‘संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार’ ही व्याख्या येते. शब्दातच ‘वेग’ बसलेला असल्याने ती चटकन मनात ठसते. संवेग हा वेगाचाच कोणी थोरला भाऊ, अशी समजूत होते. पुढे अकरावीत हाच शब्द ‘मोमेंटम’ होऊन येतो, पण समजूत तीच राहते.

नववीसाठी व्याख्या बरोबरच आहे. मात्र संवेगाला भौतिकशास्त्रात जे स्थान आहे ते या गुणाकारामुळे नव्हे. आघातात एका वस्तूकडून दुसरीकडे जी राशी जाते आणि सगळी मिळून जिची बेरीज कायम राहते, ती संवेग. संवेग अक्षय्यतेचा नियम आपण नववीतच शिकवतो, पण गणितापुरता. वस्तुमान गुणिले वेग हे त्या राशीचे, प्रकाशापेक्षा बऱ्याच सावकाश जाणाऱ्या वस्तूंसाठीचे, एक सोयीचे सूत्र आहे.

हे ध्यानात नसले की पहिली ठेच फोटॉनला लागते. त्याला वस्तुमान नाही. मग संवेग कोठून आला? वस्तुतः प्रकाशाला संवेग असतो हे फोटॉनच्या कल्पनेआधीपासून ठाऊक आहे. मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून ते निघते. प्रकाशाचा दाब रशियात लेबेडेव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच प्रयोगाने दाखवला. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून परततात तेव्हा त्यांची तरंगलांबी वाढते, आणि ती वाढ दोन गोट्यांच्या आघातासारखा संवेगाचा हिशेब मांडून नेमकी काढता येते, हे कॉम्पटन यांनी १९२३ मध्ये दाखवले. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना जो निबंध पाठवला, त्यातही प्रकाशपुंजांना ऊर्जेबरोबर संवेग देऊनच प्लांकचा नियम मिळवलेला आहे. या कोणालाही फोटॉनचे वस्तुमान लागले नाही. संवेग म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले तरंगलांबी, एवढे पुरले.

एक खोटी सिद्धता

मार्गदर्शके मात्र या ठेचेवर एक भलतेच मलम लावतात. आइन्स्टाइनचे ऊर्जा-वस्तुमानाचे सूत्र घ्या, ते प्लांकच्या सूत्राशी समान ठेवा, त्यातून तरंगलांबी म्हणजे स्थिरांक भागिले वस्तुमान गुणिले प्रकाशाचा वेग असे मिळवा. आणि आता प्रकाशाच्या वेगाऐवजी इलेक्ट्रॉनचा वेग घाला. झाली द ब्रॉग्लीच्या सूत्राची ‘सिद्धता’. उत्तरपत्रिकेत तिला पूर्ण गुण मिळतात. मीही ते दिले आहेत.

ही सिद्धता का खोटी आहे, हे तिच्याच वाटेने प्रामाणिकपणे चालून पाहता येते. सुरुवातीलाच प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन घ्या. त्याची वस्तुमान-ऊर्जा प्लांकच्या सूत्राशी समान ठेवा आणि वारंवारता गुणिले तरंगलांबी म्हणजे इलेक्ट्रॉनचा वेग असे धरा. आता येणारे उत्तर द ब्रॉग्लीचे नाही. त्यात वेग छेदाऐवजी अंशात येतो, म्हणजे इलेक्ट्रॉन जितका सावकाश तितकी तरंगलांबी लहान! आपल्या ५४ व्होल्टच्या इलेक्ट्रॉनसाठी ती खऱ्या तरंगलांबीच्या सुमारे पाच हजारांश येते.

यातले खरे कोणते, हे निकेलच्या स्फटिकाने १९२७ मध्ये सांगितले. डेव्हिसन आणि जर्मर यांना ५४ व्होल्टला परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांची सर्वांत मोठी गर्दी ५० अंशांच्या कोनात दिसली. निकेलच्या पृष्ठभागावरील अणूंच्या ओळींमधले अंतर ०.२१५ नॅनोमीटर. त्यावरून तरंगलांबी निघते ०.१६५ नॅनोमीटर. द ब्रॉग्लीचे सूत्र सांगते ०.१६७. म्हणजे सूत्र उभे आहे ते या मोजणीवर, मार्गदर्शकातल्या अदलाबदलीवर नव्हे. द ब्रॉग्लीने ते सिद्ध केले नव्हते. सापेक्षतेच्या आधाराने सुचवले होते. ‘हे गृहीतक आहे आणि प्रयोगाने ते खरे ठरवले’ असे सांगण्यात कमीपणा काहीच नाही. उलट विज्ञान कसे चालते ते मुलांना त्यातच दिसते.

निम्म्या वेगाचे कोडे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. द ब्रॉग्लीचे सूत्र थोडे उलटे वाचावे. एका मीटरमध्ये किती लाटा बसतात, ती संख्या गुणिले प्लांकचा स्थिरांक म्हणजे संवेग. एका सेकंदात किती लाटा जातात, ती संख्या गुणिले तोच स्थिरांक म्हणजे ऊर्जा. संवेग ही लाटांची स्थळातली दाटी आणि ऊर्जा ही काळातली दाटी. या दोन वाक्यांत वस्तुमान नाही, वेगही नाही. ती फोटॉनला लागू पडतात, तशीच इलेक्ट्रॉनलाही.

मग वेग कोठे आहे? एकसारख्या लांबीची, दोन्ही बाजूंना न संपणारी लाट कोठून कोठे गेली हे सांगताच येत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच आहे. इलेक्ट्रॉन ‘येथून तेथे’ गेला असे म्हणायचे तर लाटांचा एक पुंजका हवा. तो एका लाटेने बनत नाही. थोड्याथोड्या वेगळ्या लांबीच्या लाटा एकत्र आल्या की एका जागी त्या एकमेकींना बळ देतात आणि इतरत्र खोडून काढतात. ध्वनीच्या पाठात आपण ‘बीट्स’ शिकवतो, त्याचेच हे भावंड. ही बळ देण्याची जागा ज्या वेगाने सरकते, तो इलेक्ट्रॉनचा वेग. तो काढायचा तर लाटांच्या संख्यांचा भागाकार करायचा नाही, त्यांच्या फरकांचा करायचा.

फळ्यावर करून पाहण्याजोगे आहे. ५४ व्होल्टला एका मीटरमध्ये ५९९.२ कोटी लाटा बसतात आणि सेकंदाला १३०.६ कोटी कोटी जातात. ५५ व्होल्टला मीटरमध्ये ६०४.७ कोटी आणि सेकंदाला १३३.० कोटी कोटी. मीटरमधला फरक, थोडा अधिक काटेकोर घेतला तर, ५.५२ कोटी, सेकंदातला २.४२ कोटी कोटी. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर येते सेकंदाला ४३.८ लाख मीटर. इलेक्ट्रॉनचा वेग ५४ व्होल्टला ४३.६ लाख आणि ५५ व्होल्टला ४४.० लाख, आपले उत्तर बरोबर मधोमध. लाट मागे राहत नाही. मागे राहते ते एकेक शीर्ष. पुंजका इलेक्ट्रॉनच्याच वेगाने जातो.

आता जिज्ञासू मुले विचारतील, की मग त्या २१.८ लाखांचा अर्थ काय? अर्थ काहीच नाही, आणि हे दाखवताही येते. आपण ऊर्जा म्हणून फक्त गतिज ऊर्जा घेतली. तीत इलेक्ट्रॉनची वस्तुमान-ऊर्जाही धरली तर सेकंदाला जाणाऱ्या लाटांची संख्या प्रचंड वाढते, आणि तोच गुणाकार सेकंदाला सुमारे २,०६० कोटी मीटर येतो, प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ ६९ पट! ऊर्जा कोठून मोजायची हे आपल्या हातात असल्याने हा आकडा आपण ठरवू तसा बदलतो. ऊर्जेतला फरक मात्र बदलत नाही. म्हणून फरकांच्या भागाकारातून आलेला वेग पक्का. प्रकाशाहून जलद जाणारी ही शीर्षे द ब्रॉग्लीपुढेही होती. पुंजक्याचा वेग कणाच्या वेगाएवढाच निघतो, हे त्याने १९२४ च्या प्रबंधातच दाखवले होते. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपण ‘अभ्यासक्रमाबाहेर’ ठेवली आहे.

‘द्वैत’ आणि कल्याण जंक्शन

धड्याच्या नावातला ‘द्वैत’ हा शब्द मराठी कानाला फार जड आहे. द्वैत म्हटले की अद्वैत आठवते, आणि मूल समजते की येथे काही गूढ सांगितले जात आहे. मग उत्तरपत्रिकेत वाक्य येते : ‘इलेक्ट्रॉन कधी कण असतो तर कधी लाट असतो.’ जणू सकाळी एक वेश आणि संध्याकाळी दुसरा! डेव्हिसन-जर्मर यांच्याच प्रयोगात पाहा. इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात जास्त जातील हे लाटांचे गणित ठरवते. आणि ते गोळा होतात ते मोजता येण्याजोगा विद्युतभार घेऊन. एकाच प्रयोगात दोन्ही आहे. १९८९ मध्ये जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर प्रत्येकाचा एकेकच ठिपका उमटला. हजारो ठिपके जमल्यावर त्यांतून पट्टे दिसू लागले.

दोन वाटांचा प्रयोग समजावताना कल्याणच्या शिक्षकाला एक दाखला आयताच सुचतो. आपल्या जंक्शनला मार्ग फुटतात. एक कसारा, इगतपुरी, नाशिककडून मनमाडला जातो. दुसरा कर्जत, पुणे, दौंड, अहिल्यानगर असा वळसा घेऊन त्याच मनमाडला पोचतो. ‘इलेक्ट्रॉन म्हणजे अशी गाडी, जी दोन्ही मार्गांनी जाते’ असे मीही सांगत असे. दाखला मुलांना आवडतो, पण जे सांगायचे तेच त्यातून निसटते. समजा नाशिककडून मनमाडला दिवसाला दहा गाड्या येतात आणि दौंडकडून चार. दोन्ही मार्ग चालू असताना चौदा येतील. दुसरा मार्ग उघडल्यामुळे मनमाडला एकही गाडी आली नाही, असे कधी होणार नाही. इलेक्ट्रॉनांचे मात्र नेमके हेच होते. एक फट उघडी असताना जेथे ठिपके पडत होते, तेथे दुसरीही फट उघडल्यावर काही जागा कोऱ्या राहतात. दाखला द्यायचाच तर तो येथे मोडतो हे दाखवण्यासाठी द्यावा. मोडतो म्हणूनच लाटेची गरज आहे.

आणि या पट्ट्यांतले अंतर काय सांगते? तरंगलांबी, म्हणजेच संवेग. इलेक्ट्रॉनचा संवेग दुप्पट केला की पट्टे दुप्पट दाट होतात. द्वैताच्या चर्चेत न दिसणारा संवेग पडद्यावर मोजपट्टीने मोजता येतो. धड्याचे मर्म येथे आहे.

चेंडूचे उदाहरण

शेवटी क्रिकेटच्या चेंडूबद्दल. १५० ग्रॅमचा, सेकंदाला ३० मीटर वेगाचा चेंडू, तरंगलांबी काढा. उत्तरात दशांश चिन्हानंतर ३३ शून्ये आणि मग १४७, एवढे मीटर. मुले आकडा लिहितात आणि आपण सांगतो, तरंगलांबी चेंडूच्या आकारापेक्षा फारच लहान, म्हणून लाट दिसत नाही. हे कारण अपुरे आहे. १९९९ मध्ये व्हिएन्नात ६० कार्बन अणूंच्या रेणूंचे विवर्तन दिसले. त्यांची तरंगलांबी सुमारे ०.००२५ नॅनोमीटर होती, रेणूच्या स्वतःच्या आकाराच्या चारशेव्या भागाइतकी! तरीही १०० नॅनोमीटर अंतरावरच्या फटींनी पट्टे दाखवले. लाट दिसण्यासाठी वस्तूचा आकार नव्हे, तर फटींमधले अंतर आणि वाटेत हवेच्या रेणूंशी वगैरे होणारी धक्काबुक्की महत्त्वाची. चेंडूच्या जोडीला हे उदाहरण दिले, तर सूत्र फक्त इलेक्ट्रॉनपुरतेच असा ग्रह होणार नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी रुपयांहून अधिक निधी मंजूर केला. त्याच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदनाचे केंद्र आपल्याजवळच, पवईच्या आयआयटीत आहे. कल्याण-डोंबिवलीची काही मुले उद्या तेथे पोचतील. ती मुले सूत्रात आकडे घालण्यात तरबेज असतील, यात शंका नाही. पण बारावीत विचारलेल्या खऱ्या प्रश्नाला ‘हे परीक्षेला नाही’ असे उत्तर मिळत गेले, तर प्रश्न विचारणे ती तेथे पोचण्याआधीच सोडून देतील.

शिक्षक मित्रांना विनंती एवढीच. खोटी सिद्धता शिकवू नये. फोटॉनच्या संवेगापासून सुरुवात करावी. आणि ५४ व ५५ व्होल्टचे गणित एक तास काढून फळ्यावर करावे. साधे गणकयंत्र पुरते.

आमच्या वर्गात मी ते आठवड्याभराने केले, आधी टाळाटाळ केल्याची कबुली देऊन. ४३.८ आकडा आला तेव्हा ती मुलगी वहीत पाहत होती. मग तिने विचारले, “सर, इलेक्ट्रॉन थांबलेला असेल तर मीटरमध्ये लाटा शून्य. मग तो आहे कुठे?” घंटा झाली होती, पण या वेळी मी प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि दुसऱ्या दिवशीचा तास तेथून सुरू केला.